नजरेत भरलेली पेटी

मी मतपेटी बोलतेय. मला वाटलं होतं, माझ्या स्वागताला बँड वाजेल. बँड होता, पण तो शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फुटक्या ढोलासकट भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्याच शेजारी मला ठेवलं.

चूक माझी नाही. अपेक्षा वाढवून ठेवल्या त्या माझ्या जन्मगावाने. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात पडलं, थंड झालं आणि मी बाहेर आले: चौकोनी, आरपार दिसणारी, माथ्यावर एक अरुंद फट. माझ्या हजारो बहिणींना एकीत एक घालून जहाजावर चढवलं, तेव्हा तिथल्या एका मंत्र्याने धक्क्यावर भाषण केलं. "ही नुसती पेटी नाही," तो म्हणाला, "हा आपल्या देशाने पुढे केलेला मैत्रीचा हात आहे." हात म्हणावा असं माझ्याकडे काही नाही, बाजूला दोन कड्या आहेत, पण मी हुरळले. अंगावर एक पट्टीही चिकटवली होती. 'मुक्त आणि निःपक्ष निवडणुकांसाठी, मित्रदेशाच्या जनतेकडून भेट.'

निवडणुकीला सहा महिने अवकाश होता आणि शाळेत रिकामं भांडं कुणी रिकामं राहू देत नाही. पहिल्याच आठवड्यात शिपाईकाकांनी माझ्यात मुलांच्या हरवलेल्या वस्तू टाकायला सुरुवात केली. अकरा डब्यांची झाकणं, एक कंपास, तीन बूट. तिन्ही डाव्या पायाचे. एक बूट हरवून मुलं घरी कशी जातात आणि घरचे काहीच कसं विचारत नाहीत, हे मला आजही उमगलेलं नाही.

मला साबणाने घासून बाहेर काढलं ते मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. छत्तीस वर्षं भाषा शिकवलेल्या, दोन महिन्यांत निवृत्त होणाऱ्या, आणि या निवडणुकीत शाळेतल्या मतदान केंद्राच्या केंद्राध्यक्ष. त्यांना एक छंद आहे. त्या वस्तूंना कपडे शिवतात. त्यांच्या खोलीत रेडिओला झबलं आहे, शिलाई मशीनला झगा आहे, टेलिफोनला टोपी आहे. शिपाईकाका मागे कुजबुजतात, "बाईंसमोर फार वेळ स्वस्थ बसू नका. माप घेतील."

मतदानाच्या आठ दिवस आधी सराव झाला. गावातल्या लोकांना बोलावून खोटी मतं टाकायला सांगितली. त्या दिवशी मला माझा पहिला अपमान सोसावा लागला.

"हे काय, सगळं दिसतंय की!" एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. हे छत्री चिन्हाच्या उमेदवाराचे प्रतिनिधी. "पोस्टाच्या पेटीलासुद्धा पोट झाकलेलं असतं."

"दिसावं म्हणूनच तशी केलीय, मास्तर," शिडी चिन्हाचा प्रतिनिधी म्हणाला. हा गावातला वायरमन, बोलायला मोकळा. "मागच्या वेळी पत्र्याच्या पेटीत सकाळपासूनच मतं होती, आठवतंय ना? कुणाची ते आता विचारत नाही."

"विचारूही नकोस."

"नाहीच विचारत. छत्री सगळ्यांनाच लागते."

पण लोक बिचकत होते, हे खरं. एका आजींनी चिठ्ठीची सात वेळा घडी घातली, ती फटीत जाईना. "उलगडली आतल्या आत, तर?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मोठ्या बाई हे सगळं बघत होत्या.

त्याच दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मोठ्या बाईंची भाची. आठ वर्षं दूरदेशी शिकून, तिथल्या सरकारने पाठवलेल्या निवडणूक निरीक्षकांच्या पथकाबरोबर दुभाषी म्हणून परत आलेली. तिच्या अंगात पथकाचं जाकीट होतं, पुढेमागे खिसेच खिसे.

"आत्या!"

"आलीस? बारीक झालीस. एवढ्या खिशांत ठेवतेस तरी काय?"

"काहीच नाही गं. पथकाचं आहे."

"मग एकात रुमाल ठेव. नाक पूस आधी."

मग दोघी माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि तिने मन मोकळं केलं. तिच्याही डोक्यात कुणीतरी बँड वाजवलेला होता. तिला वाटलं होतं, इथे दंडेली असेल, दमदाटी असेल, आणि ती मधे उभी राहून सांगेल की थांबा, जग बघतंय. प्रत्यक्षात आठवडाभर ती फॉर्म भरत होती. केंद्रात चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का? दिवा आहे का? पाणी आहे का?

"मग आहे का पाणी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आत्या, मी हसण्यासारखं बोलत नाहीये. एकेक मत गं! एकेका माणसाचं. त्याला कुणी हात लावता कामा नये, एवढ्यासाठी मी परत आलेय." आणि तिने माझ्या झाकणावर तळहात ठेवला. इतक्या मायेने मला तोवर कुणी हात लावला नव्हता. कारखान्यातसुद्धा नाही.

निघताना तिने पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून आत्याला दिली. "केंद्राध्यक्षांसाठी सूचना. आपल्या भाषेत मी केल्यात. वाचशील ना?"

"तू लिहिलंयस आणि मी वाचणार नाही?"

त्या भागातल्या साठ केंद्रांवर ती पुस्तिका गेली होती. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी, माझ्या माहितीप्रमाणे, एकच बाई निघाली.

पान अकरावर लिहिलं होतं: 'मतपेटी दिवसभर सर्वांच्या नजरेत भरेल अशी ठेवावी.'

मोठ्या बाईंनी वाक्य दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला शिपाईकाकांनी आधीच सांगून ठेवला होता. बाईंनी टेप काढला.

बाईंनी माझ्यासाठी शिवलेली झालर तरी काय होती! निळं कापड, खाली पांढरी चुण्यांची पट्टी, चारी बाजूंना भरतकामाची पिवळी फुलं. माथ्यावरच्या फटीसाठी तर कोटाला करतात तसं नीटस काज केलं होतं. लांबी-रुंदी बोटभरही चुकली नव्हती. मी नजरेत भरत होते, यात वादच नव्हता.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांसमोर मला उघडून, रिकामी दाखवून, उलटी करून आपटलं. चार सील लावली. त्यांचे आकडे मोठ्या बाईंनी मोठ्याने वाचले आणि दोन्ही प्रतिनिधींनी आपापल्या वहीत उतरवले. मग बाईंनी घडी मोडून झालर काढली आणि मला घातली.

"हे काय?" पोस्टमास्तर म्हणाले.

"पान अकरा," बाई म्हणाल्या आणि पुस्तिका पुढे केली. परदेशी पथकाचा शिक्का असलेला कागद. दोघांनी वाचलं.

"मग बरोबरच आहे," वायरमन म्हणाला. "नजरेत भरतेय. आमच्या लग्नात बायकोसुद्धा एवढी भरली नव्हती."

"हे तिला जाऊन सांगू का?"

"मास्तर, तुमचा उमेदवार निवडून येऊ दे हवं तर, पण हे सांगू नका."

आणि गंमत बघा, लोक आले. सरावाला बिचकलेले आले, सात घड्यांच्या आजी आल्या. त्यांनी या वेळी दोनच घड्या घातल्या, काजातून चिठ्ठी आत सोडली आणि झालरीवरून हात फिरवून म्हणाल्या, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतं." रांग दारापासून फाटकापर्यंत गेली. दुपारी चारपर्यंत माझ्या पोटात पाचशेच्या वर मतं झाली. पोटात काही राहत नाही, असं माणसं एकमेकांना नावं ठेवताना म्हणतात. माझं तर सगळं आयुष्यच पोटात ठेवण्यासाठी. त्या एका दिवशी मात्र माझ्या पोटात राहिलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

चार वाजता पांढरी गाडी फाटकाशी थांबली.

उंच साहेब आत आले. निरीक्षकांचे प्रमुख. दारात डोकं आपटू नये म्हणून ते सवयीने वाकतात, आणि त्यांना आपल्या भाषेतला एकच शब्द येतो: छान. वाटेत त्यांना रांग दिसली, छान. शाई दिसली, छान. मग त्यांना मी दिसले.

"छान?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्या शब्दामागे प्रश्नचिन्ह ऐकलं.

त्यांच्यामागे भाची उभी होती. तिचा चेहरा माझ्या झालरीच्या पांढऱ्या पट्टीसारखा झाला.

साहेबांनी त्यांच्या भाषेत विचारलं, पेटी झाकायला कुणी सांगितलं? तिने ते आत्याला विचारलं.

"तुम्हीच," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "पान अकरा. बघ की, तूच लिहिलंयस. नजरेत भरेल अशी."

भाचीने पान उघडलं. मला तिचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल. मूळ सूचना एवढीच होती की पेटी सतत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उघडी असावी. त्या परक्या वाक्यात एक शब्द नजरेचा होता आणि एक भरलेपणाचा. आठ वर्षं आपली भाषा फक्त फोनवर बोललेल्या मुलीने ते दोन शब्द इमानेइतबारे एकमेकांना जोडले होते. कुठे भरेल, काय भरेल, याचा विचार केला नव्हता.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी विचारलं.

तिने पुस्तिका मिटली. मग त्यांच्या भाषेत म्हणाली, "त्या म्हणतात, पेटीवर धूळ बसू नये म्हणून झाकली. स्वतःच्या मनाने."

खोलीत ते दोघांनाच कळलं, असं तिला वाटलं. पण मला दोन्ही भाषा येतात. एक जन्माची, एक संसाराची.

साहेबांनी फोटो काढला, फॉर्मवर खूण केली. झालर उतरवली. राहिलेलं तासाभराचं मतदान मी उघड्याने घेतलं. जाताना साहेब तिला हळू आवाजात म्हणाले, की नियमाप्रमाणे या पेटीच्या मतांबद्दल हरकत नोंदवावी लागेल. उद्या सकाळी नऊपर्यंत दुसरं काही समोर आलं नाही, तर ही पेटी मोजणीच्या टेबलावर न ठेवता बाजूला ठेवायची शिफारस जाईल.

"काय म्हणाले गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "छान म्हणाले."

आता सकाळचे आठ वाजलेत आणि आम्ही मोजणी केंद्राकडे निघालेल्या जीपमध्ये आहोत. मी मोठ्या बाईंच्या मांडीवर. पोटात सहाशे अकरा मतं. झालर घडी करून बाईंच्या पिशवीत. पुढे ड्रायव्हर आणि पोलीस, शेजारी भाची. ती साहेबांच्या गाडीतून न जाता पहाटेच आत्याकडे येऊन थांबली होती. मागे एकाच मोटरसायकलवर पोस्टमास्तर आणि वायरमन. मला नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि पेट्रोल एकालाच परवडतं, म्हणून छत्रीने शिडीला घट्ट धरलं आहे.

बाईंना हरकतीचं कळलं होतं. सकाळी शिपाईकाकांनीच बातमी आणली. केंद्राध्यक्षांनी मनाने पेटी झाकली, पेटी बाद होणार.

जीप गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी मला दोन्ही हातांनी सावरलं. मग म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला शिकवलं. आणि मलाच एक ओळ नीट वाचता आली नाही."

"आत्या..."

"नाही गं, वय झालं की होतं असं. त्या आजींचं वाईट वाटतं फक्त. त्यांना वाटतंय, आपलं मत पोचलं."

भाचीने माझ्या कडीला धरलं.

"आत्या, 'नजरेत भरेल' म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय? देखणं. उठून दिसेल असं."

"मला 'डोळ्यांसमोर राहील' म्हणायचं होतं."

जीप एका खड्ड्यातून गेली. माझ्या पोटातली मतं एकदा उडाली आणि खाली बसली. मोठ्या बाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली, पान अकरा उघडलं, लाल पेन काढलं. चुकीच्या शब्दांना गोल केला आणि समासात लिहिलं, 'नजरेसमोर राहील'. सवयीने खाली गुणही लिहिले. दहापैकी चार.

"चारच?"

"हस्ताक्षर छापील आहे म्हणून चार. नाहीतर दोन दिले असते." आणि त्या हसल्या. खदखदून, माझं झाकण हलेपर्यंत. "मी वेडी झाले नव्हते तर! अगं, रात्रभर मला वाटत होतं की डोळे तपासून घ्यावेत."

"हसू नकोस. अजून आहे." आणि तिने सांगितलं. काल साहेबांना धुळीचं काय सांगितलं, आत्या काय म्हणाली होती आणि तिने काय पोचवलं. केंद्राध्यक्ष आपली सख्खी आत्या आहे, हेही तिने पथकाला सांगितलं नव्हतं.

हसू थांबलं. हे दहापैकी कितीचं होतं, ते बाईंनी लिहिलं नाही.

"माझ्या तोंडावर खोटं बोललीस," त्या शेवटी म्हणाल्या. "मला कळणार नाही अशा भाषेत."

"हो."

"भाषांतर चुकतं. ते मी रोज तपासते. हे दुसरं मात्र..." त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "ऐक आता. मी दोन महिन्यांत घरी बसणार. माझ्यावर शेरा आला काय, न आला काय. तुला अजून पन्नास देशांत जायचंय. धुळीचंच राहू दे."

"आणि मतं?"

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"आत्या, तुझ्यावर ढकललं तर ती बाजूला जातात. मी खरं सांगितलं तर निदान विचार होईल. चार सील शाबूत आहेत. मतदारांच्या सह्या सहाशे अकरा आहेत. झालर घातली तेव्हा आणि काढली तेव्हा दोन्ही प्रतिनिधी समोर बसले होते." तिने मागे वळून मोटरसायकलकडे पाहिलं. "ड्रायव्हरकाका, जरा थांबवा ना."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने घडलं ते सगळं लिहिलं. वरती आपल्या भाषेत, खाली त्यांच्या. वायरमनने वाचलं, मान हलवली. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"यात तुझी नोकरी जाईल, पोरी."

"बहुतेक."

"आमचा उमेदवार या पेटीत मागे असला तर? मी सही का करू?"

"मास्तर," वायरमन म्हणाला, "माझाही असेल. कुणाला दिसलंय? झालर होती ना!"

पोस्टमास्तर हसले आणि त्यांनी सही केली. त्याखाली वायरमनने. एकाच पेनने.

मोजणी केंद्राचं फाटक दिसायला लागलं आहे, तेव्हा उरल्या वेळात माझी एक विनंती. दूरवरून मैत्रीचा हात पुढे करणाऱ्यांनो, जरूर करा. पेट्या पाठवा, माणसं पाठवा, मी काही तक्रार करत नाही. मला इथे बरं वाटतंय. फक्त पेट्यांबरोबर जे शब्द पाठवता, ते आधी इथल्या एखाद्या मोठ्या बाईंना वाचायला द्या. आठवडाभर उशीर झाला तरी चालेल. आणि आमच्याबद्दल काही ठरवताना आम्ही काय म्हणतोय, ते आम्हाला कळेल अशा भाषेत विचारा.

उंच साहेब फाटकाशी उभे आहेत, हातात कागदी पेल्यातला चहा, काखेत फॉर्मची फाइल. नऊला दहा मिनिटं कमी आहेत. भाची उतरली. जाकीट काढून तिने जीपच्या सीटवर ठेवलं. खिशात खरोखरच काही नव्हतं, फक्त एक रुमाल. ती साहेबांपर्यंत गेली, कागद पुढे केला, आणि सवयीने त्यांच्या भाषेत बोलायला तोंड उघडलं.

मग मिटलं. मागे वळून तिने आत्याला हाक मारली. मोठ्या बाई मला कवेत घेऊन तिच्या शेजारी येऊन उभ्या राहीपर्यंत ती थांबली. साहेबांनी घड्याळ बघितलं, तरी थांबली.

"आधी आमच्या भाषेत सांगते, म्हणजे हिला कळेल," ती म्हणाली. "ही माझी आत्या. हिने पेटी झाकली, कारण मी तसं लिहिलं होतं. आणि काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मग तेच तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. मी दोन्हीकडून ऐकलं. एक शब्दही कमी नव्हता.